पासाडेनाच्या गॅम्बल हाउसमधल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गॅम्बल हाउसच्या फेरीत तुम्ही बाबांना जे दाखवलंत त्याबद्दल फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "ते राहू दे, बाबांना दे फोन" म्हणून विषयच मिटवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही. लॉस एंजलिसजवळच्या पासाडेनाच्या आसपासची मराठी मंडळी ओळखायचं ते ओळखतीलच.

बाबा इकडे आले की आम्ही त्यांना समुद्र दाखवतो, मॉल दाखवतो, डोंगरावरची हॉलिवूडची पाटी दाखवतो. ते सांगू तिथे फोटोला उभे राहतात. मात्र कुठल्याही हॉटेलात बसलं की त्यांचा हात आधी टेबलाच्या खालच्या बाजूने फिरतो. "भुसा दाबून केलंय," असा निकाल लागतो आणि मग जेवण सुरू. आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लॉस एंजलिसमध्ये बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता, पण पडला नव्हता. गॅम्बल हाउसची तिकिटं मी काढली ती "जुनं लाकडी घर आहे" एवढ्याच माहितीवर.

फेरी इंग्रजीत होती, घर दाखवणारे तुम्ही. मी बाबांच्या कानाशी पुटपुटत होते आणि तुम्ही ते पाहिलंत. इतर लोकांना सगळं नीट सांगून झाल्यावर, वेळ संपल्यावर, मागच्या ओट्यावर येऊन "बाबा कुठले तुमचे?" असं मराठीत विचारलंत. त्यांचं उत्तर ऐकून तुमचा पुढचा प्रश्न होता, "लाकूड ओळखलंत?"

"बर्मा टीक," बाबा म्हणाले, म्हणजे ब्रह्मदेशचा साग. मोठ्या दिवाणखान्यात आणि जिन्याजवळ ते का रेंगाळत होते, ते मला तेव्हा कळलं. नाशकापासून पुण्यापर्यंतच्या लाकूड बाजारात ज्या मालाचं नाव आजही वेगळ्या सुरात घेतात, तो माल 1908 साली कॅलिफोर्नियातल्या घराच्या भिंतींना लागला होता.

पुढे तुम्ही जे सांगितलंत ते मला एरवी कुणी सांगितलं नसतं. घर बांधून घेणारे डेव्हिड आणि मेरी गॅम्बल म्हणजे प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या घराण्यातले. ("टाइडवाले?" बाबांनी विचारलं. तुम्ही हसून हो म्हणालात.) सिनसिनाटीच्या थंडीतून सुटका म्हणून हे हिवाळ्यातलं घर. वास्तुकार चार्ल्स आणि हेन्री ग्रीन हे भाऊ. दोघेही कॉलेजात जाण्याआधी सेंट लुईसच्या मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलेले. तिथे पुस्तकांबरोबर लाकूड आणि धातू हाताळावं लागे. "म्हणजे आपलीच पोरं," बाबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने जगातल्या शाळा दोनच प्रकारच्या, वर्कशॉप असलेल्या आणि नसलेल्या. 1893 मध्ये पासाडेनाला येताना शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ग्रीन बंधूंनी जपानी लाकडी इमारत पाहिली, तिचा परिणाम इथल्या छपरांवर दिसतो, हेही तुम्ही सांगितलंत. पण बाबांचं मन वर्कशॉपवरच अडकलं होतं.

हाताने नीट केलेल्या कामाला मान मिळावा म्हणून इंग्लंडात सुरू झालेली आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळ इथे साबणाच्या कारखानदाराच्या पैशावर फुलली, ही मला जरा गंमतच वाटते. तुम्ही ती झाकली नाहीत. उलट पीटर हॉल आणि जॉन हॉल या स्वीडनमध्ये जन्मलेल्या भावांची नावं तुम्ही वास्तुकारांइतक्याच आदराने घेतलीत. पीटर बांधकामाचे कंत्राटदार, जॉनकडे लाकूडकाम. कारागिराचं नाव घेतलं जातं तिथे बाबा जास्त वेळ थांबतात.

बाहेर तुम्ही त्यांना ओट्याची भिंत दाखवलीत. भट्टीत जास्त भाजून काळपट, वेड्यावाकड्या झालेल्या विटा मोठ्या दगडगोट्यांत बसवलेल्या. "खंगर!" बाबा ओरडलेच. "ही तर आमच्याकडे भट्टीवाला टाकून देतो!" वरच्या मजल्यावर झोपण्यासाठी केलेले उघडे सज्जे, आणि भिंतीवर ऊन येऊ नये इतकी पुढे काढलेली वळचण. पंखा नाही, एसी नाही, आणि उन्हाळी गावात हवा खेळती राहील असं घर. सकाळी मुख्य दाराच्या रंगीत काचेतलं ओकचं झाड उजेडाने पेटतं ते दार पूर्वेला असल्यामुळे, हेही बाबांनी तुम्ही सांगायच्या आत ओळखलं. ती काच एमिल लांगे यांच्या हातची. स्वयंपाकघराबद्दल मात्र ते स्वतःहून बोलले. तिथे घरची माणसं नव्हे, नोकर वावरणार होते, तरी मेपलच्या कपाटांच्या कामात कुठे हात आखडलेला नव्हता. "इथे माणूस कळतो," एवढंच म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. जेवणघरातलं मेज महोगनीचं आहे. त्याला आबनुसाच्या, म्हणजे काळ्या लाकडाच्या, चौकोनी खुंट्या आहेत, कडा गोल केलेल्या, फळीच्या किंचित वर आलेल्या. इतर पाहुण्यांनी त्यांच्याकडे नक्षी म्हणून पाहिलं. बाबांनी विचारलं, "रुंद फळीच्या टोकाला आडवी पट्टी मारलीय. फळी पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, पट्टी हलणार नाही. मग शंभर वर्षांत तडा का नाही गेला?" तुम्ही म्हणालात, "पक्कं विचारून सांगतो." अशी वाक्यं आपण रोज ऐकतो आणि विसरतो.

तुम्ही खरंच फोन केलात. मला नाही, बाबांना. खुंटी म्हणजे झाकण आहे, तिच्याखाली स्क्रू आहे, आणि तो स्क्रू गोल भोकात नसून लांबट खाचेत आहे, म्हणून फळीला सरकायला जागा मिळते, असं त्यांना सांगितलंत. स्पीकरवर मी दोघांना ऐकत होते. ग्रीन आणि हॉल राहिले बाजूला, तुम्ही डिंक, सरस आणि खाचेची लांबी यांवर किती वेळ बोललात कोण जाणे. बाबांनी तेव्हाच कागदावर आकृती काढली, गुण्या (सुताराचा काटकोन) नसल्यामुळे माझ्या लेकीची पट्टी घेऊन.

निवृत्तीनंतर बाबांना त्यांच्या कामाबद्दल कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही. आम्ही औषधं, बीपी आणि व्हिसा विचारतो. तुम्ही लाकूड विचारलंत.

घर वाचलं कसं, हेही त्यांना तुमच्याकडूनच कळलं. विकायचं ठरत असताना घर बघायला आलेल्या बाईंनी आतलं सगळं लाकूड पांढरं रंगवायची गोष्ट काढली आणि गॅम्बल कुटुंबाने विचार बदलला, असं सांगतात. 1966 मध्ये घर, आतल्या ग्रीन बंधूंच्या सामानासकट, पासाडेना शहर आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वास्तुकला शाखेकडे आलं. 1977 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. त्याच शहरातल्या, ग्रीन बंधूंच्याच ब्लॅकर हाउसचं नशीब वेगळं निघालं. 1985 मध्ये नव्या मालकाने तिथले दिवे आणि काचा काढून नेल्या, तेव्हा कुठे असं सामान काढून नेण्यावर शहराने घाईने नियम केला. बाबांना यात नवल वाटलं नाही. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया बाजारात येताना त्यांनी आयुष्यभर पाहिल्या आहेत. "जुन्या तुळईतला एक खिळा रंध्याचं पातं खातो," ते तुम्हाला म्हणाले, "तेवढीच त्या वाड्याची तक्रार." तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, बराच वेळ मान हलवत राहिलात.

बाबा आता गावी परतले आहेत. शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन देवघराचा पाट करताहेत, लांबट खाचेसकट. फोटो आला की पाठवते.

आणि त्यांनी एक काम सांगितलंय. छपराबाहेर आलेली वाशांची टोकं उन्हापावसाने कुजली होती आणि 2003-04 च्या दुरुस्तीत ती वाचवली, असं तुम्ही म्हणाला होतात. त्या टोकांना आता वरून तेल लावतात की आणखी काही, आणि किती वर्षांनी, हे त्यांना हवं आहे. सवडीने विचारून ठेवा. फोन त्यांनाच करा, रात्री आठनंतर, म्हणजे त्यांच्याकडे सकाळ असते आणि चहा झालेला असतो.

आपली,
बाबांची मुलगी