काकी, बाटली अजून परत करायची आहे

ती. काकींना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानता येत नाहीत, म्हणून हे पत्र. चार वेळा प्रयत्न करून पाहिला. दर वेळी तुम्ही "जेवलस गो?" एवढंच विचारता, आणि मी हो म्हटलं की "बरा, ठेव आता, पैशे जातत" म्हणून फोन बंद. आता फोनला असे पैसे जात नाहीत हे तुमच्या पुतण्यानं तुम्हाला कितीदा सांगितलं असेल! त्याच्याच फोनवर हे पाठवतेय, तो वाचून दाखवील. आणि हे उघडं पत्र आहे, चार लोकांनी वाचावं असं. कारण तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते तुम्ही स्वतःहून कुणाला सांगणार नाही.

मालवणजवळच्या तुमच्या देवबागला आम्ही आलो ती शुक्रवारची संध्याकाळ होती, २३ मे २०२५. लग्नाला जेमतेम आठवडा झालेला. खरं तर आम्ही मालदीवला जायचं ठरवत होतो. म्हणजे हे ठरवत होते. तिथं म्हणे एका बेटावर एकच रिसॉर्ट, सगळीकडे निळं पाणी आणि आपण दोघंच. पण माझ्याकडे पासपोर्टच नव्हता, आणि लग्नाच्या खर्चानंतर सासऱ्यांसमोर तो विषय काढायची यांची छाती होईना. मग यांनी शोधून काढलं ते कर्लीच्या खाडीतलं छोटंसं बेट. चार झोपड्या, होडीनंच जायचं, रात्री कंदील. "आपलं मालदीव," असं म्हणून मला फोटो दाखवले. पैसे आधीच भरले.

दरवर्षी २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात हे यांना माहीत होतं. तीन दिवस मिळतील, असा हिशेब. पावसाचा हिशेब मात्र दोघांनीही केला नाही. लातूरच्या माणसाला मे महिन्यातल्या पावसाचं भय कुठलं? आमच्याकडे मेमध्ये काळा ढग दिसला तर लोक अंगणात येऊन त्याच्याकडे आशेनं बघतात. इकडे कोकणासमोर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालेलं, बातम्या सांगत होत्या, पण नव्या नवरा-नवरीला बातम्या कोण दाखवतं!

फोंडा घाट उतरलो तोच पावसात. मालवणहून रिक्षा केली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे एवढीशी जमीन, त्यावर माड आणि घरं. मी जीव मुठीत धरून बसले होते. रिक्षावाल्यानं धक्क्यावर सोडलं आणि तो गेला. रिसॉर्टवाला फोन उचलेना. शेवटी उचलला तेव्हा म्हणाला, आम्ही कालच सगळं आवरलं, होडी येणार नाही, पैसे बघू नंतर. (त्यातले निम्मे अजून यायचे आहेत. असो.)

तिथंच, काकी, आमचं पहिलं भांडण झालं. तुम्ही ते ऐकलंत, मला माहीत आहे, कारण आम्ही तुमच्याच पडवीच्या कडेला उभे होतो. मी म्हणत होते की विचारायला काय झालं होतं. हे म्हणत होते की सगळं मीच बघायचं का. मग मी रडायला लागले आणि हे बॅगेची चेन उगाचच लावत-काढत बसले. तुम्ही झापं बांधत होतात. माडाच्या चुडतांची ती विणलेली झापं पावसाच्या बाजूनं लावतात हे मला नंतर कळलं. हातातला सुंभ न सोडता तुम्ही म्हणालात, "काळोख पडतलो आता. खय जातल्यात? आत येवा."

खोली भाड्यानं मिळेल का, असं यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, पाहुण्यांच्या दोन्ही खोल्या बंद केल्या, एकीत लाकडं रचलीत आणि एकीत गळतंय. तुमची आगोटीची तयारी झाली होती: लाकूडफाटा, सुकी मासळी, मिठाची पोती, कोकमं. पावसाळ्याची एवढी बेगमी आणि त्यात अचानक दोन तोंडं वाढलेली. तरी तुम्ही आम्हाला तुमची स्वतःची खोली दिलीत आणि वळईत चटई टाकून झोपलात. मी नको-नको म्हणत होते, पण तुम्ही ऐकून घेतच नव्हतात.

आता एक गोष्ट लिहायला लाज वाटते, पण लिहितेच. त्या चार दिवसांत आमच्या खोलीच्या बाजूला यायचं झालं की तुम्ही लांबूनच खोकायला लागायच्यात. आधी मला वाटलं, काकींना दमा आहे. मी यांना म्हटलंही की आपल्याकडचं खोकल्याचं औषध द्यायला हवं. हे इतके हसले की पलंगावरून पडायचे राहिले. चार झोपड्यांच्या रिसॉर्टमध्ये इतकी समज कुणी दाखवली असती का, शंकाच आहे.

पहिल्या रात्री लाइट गेली ती आम्ही निघेपर्यंत आलीच नाही. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, तोसुद्धा असा. बंधाऱ्याच्या दगडांवर लाट आपटली की भिंतीतून आवाज यायचा. मला झोप येईना. मी वळईत येऊन बसले, तेव्हा तुम्ही अंधारातच म्हणालात, "समुद्र गाजता गो. चावणा नाय." आणि कूस बदललीत. काकी, त्या एका वाक्यावर मी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट तर तुम्ही गावभर केलीत, मला पुतण्यानं सांगितलंय. पागोळ्या धो-धो गळत होत्या. मी उठले आणि काही विचार न करता बादली, तपेलं, दोन घमेली, तुमचं कोंबड्यांचं भांडंसुद्धा ओळीनं पागोळ्यांखाली लावलं. एक भरलं की दुसरं सरकवायचं. तुम्ही चुलीजवळून बाहेर आलात आणि हसता हसता पायरीवरच बसलात. "अगो बाय, पाऊस काय पळान जातलो?"

मग मी तुम्हाला २०१६ सालचं सांगितलं. मी अकरावीत होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये तर पाणी भरायच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. गाडी आली तेव्हा बाबा मुद्दाम स्टेशनवर बघायला गेले होते, जसं कुणी पाहुणा उतरवून घ्यायला जावं तसे. त्या उन्हाळ्यात आई भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची आणि तेच पाणी मग तुळशीला. अजूनही नळ टपकत असेल तर मला झोप लागत नाही. हे सगळं मी यांनाही कधी सांगितलं नव्हतं. ठरवून झालेलं लग्न, दोन भेटी, त्यात पगार आणि पत्रिका. हे वाढले पुण्यात. बाजूच्या पायरीवर बसून ऐकत होते ते, एकदम गप्प झाले होते.

तुम्ही हसायच्या थांबलात. आत गेलात आणि मोठा तांब्याचा हंडा घेऊन आलात. म्हणालात, "ह्यो लाव." मग मला मागच्या दारी नेऊन तुमची बाव दाखवलीत. वाळूतली विहीर, हात घातला तर पाणी लागेल इतकी उथळ. तुमचं म्हणणं, गोडं पाणी वर आणि खारं खाली. पाऊस वाळूत मुरतो आणि खाऱ्यावर तरंगतो. मे महिन्यात जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं आणि बाव मचूळ होते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेव्हा तुम्हीही कळशा मोजताच. पाण्यानं तिन्ही बाजूंनी वेढलेल्या गावात कळशी मोजणारी बाई असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी हंड्यातल्या पावसाच्या पाण्यात तुम्ही डाळ शिजवलीत आणि मला सारखं ढवळून दाखवत होतात, बघ कशी लोण्यासारखी झाली.

सिंधुदुर्ग किल्ला बघायचा आमचा राहूनच गेला. मालवणच्या किनाऱ्यावरून पावसात एक काळी रेघ दिसली तेवढाच. तुम्ही मात्र त्या किल्ल्यातल्या तीन विहिरींची नावं मला पाठ करून घेतलीत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत प्यायचं पाणी. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला, ते बेट निवडताना पाणी बघितलंच असणार, हे तुम्ही असं सांगितलंत की जणू तुम्ही तिथं उभ्या होतात. आता आमच्या घरी एखादा पदार्थ फार गोड झाला की हे म्हणतात, साखरबाव.

रविवारी दुपारी पुतण्या सांगत आला की देवगडपर्यंत मान्सून आल्याचं जाहीर झालं. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. गावात एकच धांदल. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची होडी अजून खाली होती, ती वर ओढून शाकारायची राहिली होती. तुम्ही यांच्याकडे बघितलंत, "चला, हात लावा. नुसते बसान काय करतल्यात?" दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस तो. ओंडक्यांवरून होडी सरकवताना दोनदा चिखलात पडले, हाताला फोड आले, आणि परत आले ते असा चेहरा करून की जणू अख्खा अरबी समुद्र यांनीच मागे ढकलला. गावातल्यांनी यांना भावोजी म्हणायला सुरुवात केली होती. कुणाचे भावोजी, कुणास ठाऊक.

आणि शिरवाळे. काकी, आभार मानायचे ते खरे याचे.

सोमवारी तुम्ही तांदळाच्या पिठाचे उंडे उकडलेत आणि तो लाकडी साचा आमच्यासमोर ठेवलात. म्हणालात, माझ्या हातात आता जोर नाही, तुम्ही दोघांनी दाबा. उंडा गरम असतानाच दाबावा लागतो, थांबलं की घट्ट होतो. एकानं साचा धरायचा, दुसऱ्यानं सगळा भार टाकायचा, आणि दोघांनी एकाच वेळी. आमचं पहिलं जमलंच नाही. मी धरलं तर साचा फिरला, यांनी दाबलं तर उंडा बाजूनं बाहेर आला. मी चिडले, हे चिडले. तुम्ही नारळाचं दूध पिळत बसलात, एक शब्द बोलला नाहीत. चौथ्या का पाचव्या उंड्याला हे म्हणाले, "तू तीन म्हण, मग मी दाबतो." मी तीन म्हटलं. खाली पांढऱ्या शेवयांची लड पडली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून ओरडलो, अगदी क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखं.

नंतर ते शिरवाळे गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खाल्ले. मी सात वाट्या खाल्ल्या की आठ, याबद्दल घरात अजून वाद आहे. पण खरी गंमत नंतर कळली. मंगळवारी निघताना मी चुलीजवळ पाणी प्यायला गेले, तेव्हा तुम्ही पाटा-वरवंटा एका हातानं उचलून कोपऱ्यात ठेवत होतात. हातात जोर नाही म्हणे!

लोक विचारतात, हनीमूनला समुद्रकिनारी गेलात तर मासे किती खाल्ले. ताजा एकही नाही. होड्याच बंद होत्या. सुका बांगडा, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज, भाजलेल्या आठळ्या. फोटोही फारसे नाहीत, फोन दुसऱ्याच दिवशी बंद पडले. मैत्रिणींना दाखवायला आहे तो एकच फोटो: तुमच्या पडवीत ओळीनं लावलेली भांडी, आणि मागे तुमचा हसणारा अर्धा चेहरा.

निघताना यांनी पाकीट काढलं तेव्हा तुम्ही रागावलात. खरंच रागावलात. "तुमका पावसान हाडल्यान. मी खय बोलवलंय?" पावसानं आणलं म्हणे! यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी शंभराच्या काही नोटा तांदळाच्या डब्याखाली ठेवल्या, आणि पुण्याला येऊन पिशवी उघडली तर त्याच नोटा कोकमांच्या पुडीत. एवढं मात्र सांगते, तुमच्या पुतण्यानंही आमची बाजू घेतली नाही.

आता नारळी पौर्णिमा होऊन गेली. होडी समुद्रात गेली असेल, झापं उतरायला अजून अवकाश असेल. तुमच्या बावेचं पाणी आता गोड असेल ना? इथं पुण्यात गॅलरीच्या पन्हाळीखाली मी एक बादली ठेवली आहे. सोसायटीतल्या बायका विचारतात. हे पूर्वी लाजायचे, आता बादली भरली की स्वतःच बदलतात.

तुम्ही दिलेली कोकमाच्या आगळाची बाटली तळाला आली आहे. दर रविवारी सोलकढी होते, तुमच्यासारखी होत नाही, पण होते. बाटली देताना तुम्ही बजावलं होतं की रिकामी झाली की परत आणायची, काचेची चांगली बाटली आहे, फेकून द्यायची नाही. यांनी डिसेंबरची सुट्टी टाकली आहे. बाटली धुऊन, वाळवून, कापडात गुंडाळून घेऊन येतो. त्या बेटावर जायचं की नाही ते तिथं आल्यावर बघू. खोली मात्र या वेळी तुमची नको, लाकडांची चालेल.

तुमची,
पाणी मोजणारी