आई-बाबा, मी आणखी दोन पावसाळे इथंच थांबतेय

सोलापूर,
२५ मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

जूनमध्ये सामानासुमानासह बार्शीला येते, असं तुम्हाला कबूल केलं होतं. ते जमणार नाही. आणखी दोन पावसाळे मी सोलापुरातच राहणार आहे, संस्थेला तसं लिहूनही दिलंय. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला असता. त्या "बरं"मागचं मला कळतं, म्हणून पत्र.

इथल्या वस्तीत डेंग्यूचे डास होऊ द्यायचे नाहीत, हे आमचं मुख्य काम. त्याला दोनच पावसाळे का, हे आधी सांगते. पहिल्या पावसाळ्यात आम्ही सांगतो आणि वस्ती करते. दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही तोंड मिटून बाजूला उभं राहायचं आणि वस्तीनं आपलं आपण करायचं. तेवढं झालं, तरच मी निघाले तरी काम मागं राहील. पहिल्याच वर्षी निघालं की कुणी काय करायचं ते लिहिलेली वही दिवाळीपर्यंत कुणाच्या तरी कपाटावर जाते आणि पुढच्या जुलैत पोरं पुन्हा तापानं फणफणतात.

इथं नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरण शंभरएक किलोमीटरवर, मध्ये जलवाहिनी फुटली की आणखी उशीर. त्यामुळे दारोदार २०० लिटरची बॅरलं. "रविवारी कोरडा दिवस पाळा", म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं सांगितलं तर अर्धं भरलेलं बॅरल कुठली बाई ओतून देईल? मी तरी देणार नाही. म्हणून कोरडा दिवस वारावर ठेवायचा नाही, पाण्याच्या पाळीवर ठेवायचा. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी बॅरल तळाला गेलेलं असतं, तेव्हाच ते घासायचं. नळाच्या पाण्याची चावी सोडणाऱ्यांनी आदल्या दिवशी गल्लीतल्या दोघींना फोन करायचा, बास. दोघींना, कारण एकीवर सोपवलं की ती बाळंतपणाला माहेरी जाते आणि साखळी तुटते.

नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवतो. ती कोरडी राहिली तरी कित्येक महिने जगतात आणि नवं पाणी चढलं की फुटतात. म्हणून काथ्यानं नाहीतर ताठ ब्रशनं आतून वरच्या काठापर्यंत घासायचं, ते पाणी मोरीत न टाकता मातीवर ओतायचं, बॅरल उन्हात पालथं घालायचं. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी हे व्हायलाच हवं. वर जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं ताणून बांधलेलं. सैल बांधलं की ते पाण्यात बुडतं आणि ओल्या कापडावरच अंडी पडतात. रिकामा करताच येत नाही अशा वापरायच्या पाण्याच्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे, नाहीतर टेमेफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे दाणे, १०० लिटरला १० ग्रॅम.

धूर फवारणीची गाडी आली की लोकांना बरं वाटतं. पण धुरानं उडते डास मरतात, बॅरलमधली अळी तशीच राहते. हे पटवायला फार वेळ जातो. सर्वांत चांगलं पटवतात पोरं. सहावी-सातवीतल्या मुलांच्या हातात बॅटरी द्यायची, बॅरलमध्ये उजेड टाकायचा आणि खाली सुळकन पळणारी अळी आईला दाखवायची. मग किती घरं पाहिली आणि कितींत अळी सापडली, एवढेच दोन आकडे महिन्याला देवळाच्या भिंतीवर. घराचं नाव कधीच नाही. नाव लागलं की पुढच्या वेळी ते दार उघडत नाही. बैठकही सकाळी ठेवायची नाही. विड्या वळणाऱ्या बायका तेव्हा कारखान्यात माल द्यायला गेलेल्या असतात.

आई, ताप उतरला की सगळे निर्धास्त होतात, आणि डेंग्यूत नेमका तोच धोक्याचा काळ. पोट दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नाही. आपल्या बबलूच्या तापाच्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. तुझं काही चुकलं नव्हतं, हे मी दर वेळी सांगते, आताही सांगते. तू रात्रभर बदलत बसायचीस ती कपाळावरची पट्टी अजून माझ्या कपाळाला आठवते.

दुसरं काम शाळेपुढच्या रस्त्याचं. लोक रागारागानं रातोरात मुरूम-राडारोड्याचा उंचवटा घालतात. तो अरुंद आणि उंच असतो, त्यावर दुचाकी घसरून पोरांसकट पडतात. नीट गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी ताशी २५ किलोमीटरवर आली की आरामात पार होते. त्यासाठी महापालिकेला आणि वाहतूक शाखेला लेखी अर्ज, आवक क्रमांक घेऊन, शाळा आणि पालकांच्या सह्यांनी. पांढरे पट्टे वर्षात पुसतात आणि रात्री तो दिसतच नाही. म्हणून दर मे महिन्यात, शाळा उघडायच्या आत, रंगाचा अर्ज कोण करणार हे आताच वहीत लिहून ठेवायचं.

बाबा, यावरून तुम्हाला रागवायचं आहे. चिऊला स्कूटरवर पुढं उभं करून नेणं बंद. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, हा २०२३च्या फेब्रुवारीपासून नियमच आहे, आणि वेग ४० च्या आत. हेल्मेट आणि पट्टा मी घेऊन येतेय. ती "आजोबा, जोरात" म्हणेल. तिचं ऐकायचं नाही.

तुमची सोय मी लावली आहे. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला दादा आणेल. सिलिंडर बाबांनी उचलायचा नाही, पोऱ्याला वीस रुपये जास्त द्या. आई, गुडघ्याचा पट्टा दिवसा लाव, कपाटात ठेवायला घेतलेला नाही. मी दर दुसऱ्या शनिवारी येणार. एसटीनं दोन तासांचा तर रस्ता. मी परगावी राहते असं आत्याला सांगत बसू नका.

आणि मागच्या अंगणातला हौद, नानांच्या वेळचा. तो घासायला बाबांनी आत उतरायचं नाही, शेवाळ्यावर पाय सरकेल. पाणी तेवढं वापरून खाली आणा. कूलर बंद केलात की त्याचंही पाणी काढा, गवताची पॅडं उन्हात टाका. वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला आणि संडासाच्या उभ्या नळीला बांधायची जाळी माझ्या पिशवीत आहे. शनिवारी आल्या आल्या मी हौदात उतरेन. आई, माझा जुना पंजाबी ड्रेस तेवढा काढून ठेव.

तुमची,
ताई