उपवासकाळाची गाणी तुम्हीच सांगा

मालवण,
राखेच्या बुधवारानंतरचा शनिवार

प्रिय आई-बाबा,

आई, तुझा परवाचा फोन झाल्यापासून डोक्यात एकच विषय आहे. यंदाच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांत, शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेला, येशूच्या मरणाच्या वाटेवरच्या चौदा स्थानांच्या प्रार्थनेला, बाबा गाणी सांगणार नाहीत आणि फादरांना तसं कळवूनही टाकलंय, असं तू म्हणालीस. आवाज वर जात नाही हे एक कारण, आणि चर्चच्या गायनवृंदातल्या, कोअरमधल्या पोरांनी कीबोर्ड आणलाय हे दुसरं. बाबा फोनवर "असू दे रे, आता पोरांनी बघावं" एवढंच बोलले नि फोन तुझ्याकडे दिला. म्हणून हे पत्र लिहितोय. बाबा, सावकाश वाचा. डोळे दुखायला लागले तर आई वाचून दाखवेल.

आधी कीबोर्डचं बोलून मोकळा होतो. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या नियमावलीत याबद्दल स्पष्ट लिहिलंय. उपवासकाळात वाद्यं वाजवायची ती गायनाला आधार देण्यापुरतीच. सूट आहे ती चौथ्या रविवारी आणि मोठ्या सणांना. म्हणजे पोरांनी कीबोर्डवर सूर धरला तर त्यात काही वावगं नाही. दोन कडव्यांच्या मध्ये लांबलचक वाजवत राहतात, दानार्पणाला, भाकर-द्राक्षारस वेदीवर नेताना, नुसतीच धून सोडतात, ते मात्र या दिवसांत नको. हे त्यांना चिडून सांगू नका, कारण सांगा. या काळात चर्च एकेक गोष्ट काढून घेतं. वेदीवरची फुलं जातात, आलेलुयाचा जयघोष जातो, रविवारचं ग्लोरिया हे स्तुतिगीत जातं. पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, ग्लोरियाला घंटा वाजतात त्या वाजतात, मग थेट पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत गप्प. एवढं सगळं काढून घेतल्यावर उपासनेत उरतो तो जमलेल्या माणसांचा आवाज. तोच ऐकू यावा म्हणून बाकीचं बाजूला ठेवायचं असतं. पोरं हुशार आहेत, त्यांना पटेल.

नव्या चालींबद्दलही तुमची तक्रार आहे, मला ठाऊक आहे. त्यात मी थोडा पोरांच्या बाजूचा आहे. हान्स लिओ हास्लर नावाच्या जर्मन संगीतकाराने १६०१ साली एक प्रेमगीत छापलं. पुढे त्याच चालीवर पाउल गेरहार्ट यांनी १६५६ मध्ये लिहिलेलं गीत गायलं जाऊ लागलं. काट्यांचा मुकुट घातलेल्या, रक्ताळलेल्या ख्रिस्ताच्या मस्तकाला उद्देशून आहे ते. संगीतकार बाखने मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरच्या आपल्या दुःखसहन-संगीतात ती चाल पुन्हा पुन्हा घेतली. आज जगभर गुड फ्रायडेला लोक ती गातात आणि तिचं मूळ प्रेमगीतात आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. आपल्या कोकणातलंच बघा. दापोलीकडच्या करजगावात जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन या घरच्याच रीतींनी ख्रिस्त गायला. 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं ठेवून ते १९१९ मध्ये गेले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. तेव्हा चाल कुठून आली याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. तिच्यात शब्द ऐकू येतात का, आणि म्हाताऱ्या माणसाला ती धरता येते का, एवढं बघावं.

आता मुद्द्याचं. बाबा, मला भीती वाटते ती वेगळीच. तुम्ही बाजूला झालात तर गाणी राहतील, पण ती काय म्हणतात हे सांगणारं कोणी राहणार नाही.

एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे जाताना आपण मरियेचं जे गीत म्हणतो तेच घ्या. त्याचं मूळ लातिन, तेराव्या शतकातलं. सुरुवातीला ते फक्त दाखवतं, की आई क्रुसापाशी उभी आहे आणि मुलगा वर टांगलेला आहे. मग विचारतं, हिला असं पाहून ज्याला रडू येणार नाही असा माणूस कोण? आणि तिथून पुढे गाणं वळतं. गाणारा थेट तिच्याशी बोलू लागतो. आई, तुझं दुःख मलाही कळू दे, मला तुझ्या शेजारी उभं राहू दे. त्या वळणानंतर आपण बघे राहत नाही. उपवासकाळाच्या बहुतेक चांगल्या गीतांत हे असतंच. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगता सांगता ती हळूच "मी" म्हणायला लावतात. तुम्हाला हे माहीत आहे म्हणून सातव्या-आठव्या स्थानानंतर तुमचा आवाज आपोआप खाली येतो. पोरांना ते वळण कोणी दाखवलेलंच नाही, म्हणून ती चौदाही कडवी एकाच दमात, एकाच जोरात म्हणतात.

तुमच्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत जिथं श्वास घ्यायचा तिथं तुम्ही पेन्सिलीची उभी रेघ मारली आहे. काही रेघा खोडून अलीकडे आणल्या आहेत, बहुधा दम कमी पडायला लागल्यावर. बाराव्या स्थानाच्या कडव्याखाली मात्र रेघ नाही. तिथं तुम्ही 'थांबा' लिहिलंय आणि खाली दोनदा अधोरेखित केलंय. येशू प्राण सोडतो ते हे स्थान. लोक गुडघ्यांवर असतात, कोणी काही बोलत नाही, आणि पुढचं गाणं कधी उचलायचं हे फक्त तुम्हाला कळतं. वही तुम्ही पोरांना द्यालही. पण किती थांबायचं हे त्यांना तुमच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागेल.

आवाजाचं म्हणाल तर बुधवारी कपाळाला राख लावून घेताना आपण कोणतं स्तोत्र म्हटलं? एक्कावन्नावं. नाथान संदेष्ट्याने दाविदाला त्याचं पाप तोंडावर सांगितलं, त्यानंतरचं ते स्तोत्र. प्रभू, माझे ओठ उघड म्हणजे माझं मुख तुझी स्तुती करील, असं त्यात आहे. जो माणूस आपले ओठसुद्धा आपल्याला उघडता येत नाहीत म्हणतो, त्याच्याकडून देव तार सप्तक मागेल का? पुढे तर म्हटलंय की देवाला चालणारं अर्पण म्हणजे मोडलेलं मन. कापरा आवाज या स्तोत्राला शोभतो, बाबा, मी मनापासून लिहितोय.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, बाविसाव्या स्तोत्राचंही पोरांना नक्की सांगा. माझ्या देवा, तू मला का सोडलंस, इथून ते सुरू होतं. क्रुसावर येशूच्या तोंडी तीच ओळ आहे. पण तो आक्रोश शेवटी भर मंडळीत देवाच्या स्तुतीपर्यंत पोचतो. वेळ वाचवायला शेवटचं कडवं गाळायची जी टूम निघाली आहे, ती मला अजिबात पसंत नाही. तेवढंच गाळलं तर लोक अर्ध्यावर घरी जातात.

आणखी एक. मॅथ्यूच्या सव्विसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनानंतर एक ओळ येते, जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. ते गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाच्या, मिसरातून सुटकेच्या सणाच्या रात्री यहुदी घरांत हल्लेलची, म्हणजे स्तुतीची स्तोत्रं गातात, ११३ ते ११८. तीच असावीत. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असताना तो आपल्या माणसांबरोबर गायला. मला हे फार मोलाचं वाटतं. उपवासकाळात आपण गातो ते त्याच्यासोबत गातो असं मी मानतो.

आई, तुझ्याकडे वेगळंच मागणं आहे. आजी या दिवसांत रात्री पुराणाच्या ओव्या म्हणायची, त्यातल्या काही तुला अजून येतात. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. नवख्रिस्ती लोकांनी पाद्र्यांकडे मागणी केली होती की आमची जुनी पुराणं गेली, त्यांच्या जागी आम्हाला काही तरी द्या. त्यातून ते झालं, आपल्या ओवीछंदात, एका इंग्रज जेझुइटाच्या, येशूसंघाच्या पाद्र्याच्या हातून. आपल्या उत्तर कोकणात आणखी एक पुराण चालायचं, फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांचं, ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचं. लिस्बनला १६५९ साली छापलेलं. आजीच्या ओव्या यातल्या कशातल्या ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून रोज दुपारी भांडी आवरल्यावर फोनचा रेकॉर्डर लावून चार-दोन ओव्या म्हणून ठेव. अडलीस तर अडलेलंही राहू दे, पुसू नकोस.

बाबा, तुम्ही उद्या मिस्सा सुटल्यावर फादरांना भेटा आणि सांगा की पहिली दोन-तीन गाणी मीच सांगतो, बाकीची पोरं म्हणतील, मी शेजारी उभा राहीन. आणि दर शुक्रवारी सुरुवातीला पाच मिनिटं त्यांना एका गाण्याचा अर्थ सांगा, एकाच. खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन या, तुमच्या वेलची-खडीसाखरेवर भागणार नाही. पवित्र आठवड्याची सुट्टी मंजूर झाली आहे, कुडाळहून तिकीटही निघालंय, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रात्री घरी पोचतो. बाराव्या स्थानाला मी तुमच्या उजव्या बाजूला असेन, वही मी धरतो.

कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या घेऊन ठेवल्या आहेत. आणखी काही हवं असेल तर आई, बुधवारपर्यंत कळव.

तुमचा,
मुलगा