तक्रार: दोन वाजून वीस मिनिटांनी भरलेला सहाचा रकाना

प्रति,
व्यवस्थापक, घरपोच रुग्णसेवा,
पुणे कार्यालय

विषय: रात्रपाळीतील हलगर्जी, देखभालीच्या तक्त्यातील खोट्या नोंदी आणि अनामत रकमेचा परतावा

महोदय,

माझी आई ७८ वर्षांची आहे. पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली. गिळता येत नाही म्हणून नाकातून नळी आहे, आणि स्वतःहून कूसही बदलता येत नाही. तुमच्या सुपरवायझर बाई पहिल्या दिवशी घरी आल्या तेव्हा हे सगळं त्यांनी फॉर्मवर लिहून घेतलं. ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’ या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा ऑफिसला कल्पना नव्हती, असं उत्तर कृपया देऊ नका.

गेल्या गुरुवारी आमच्या नेहमीच्या रात्रीच्या मावशी रजेवर होत्या, म्हणून तुम्ही बदली मावशी पाठवल्या. रात्री दोनच्या सुमारास आईच्या खोकल्याने मला जाग आली. खोलीत गेले तर आई पाठीवर सपाट, उशी बाजूला पडलेली, आणि मावशी सिरिंजचा दट्ट्या दाबून नळीतून दूध घालत होत्या. आईचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी नळी बंद केली, तिला कुशीवर वळवलं, पलंगाची डोक्याकडची बाजू वर घेतली. दहा मिनिटांनी श्वास जागेवर आला. नळीने देताना रुग्णाचं डोकं-छाती उचललेली हवी आणि नंतरही किमान अर्धा तास तसंच ठेवायचं, नाहीतर दूध फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. हॉस्पिटलमधून घरी सोडताना हे मला पाच मिनिटांत शिकवलं होतं, आणि मी बँकेत नोकरी करते.

मुळात रात्री दोनला दूध नसतंच. दहाचं राहिलं होतं, ते त्या तेव्हा देत होत्या.

मग मी आईच्या देखभालीच्या नोंदींची फाईल उघडली. दहाच्या दुधापुढे बरोबरची खूण होती. कुशीचा तक्ता असा: १० उजवी, १२ डावी, २ उजवी, ४ डावी, ६ उजवी. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

सकाळी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी लाली जाईना. डॉक्टर म्हणाले, बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. शनिवारी कातडी फाटली. एका रात्रीतच हे झालं असं मी म्हणत नाही. पण पाच महिने आम्ही ती जागा कोरडी, कोरी ठेवली होती. आता मागच्या कितीतरी रात्रींचे नीटनेटके तक्ते बघताना माझी झोप उडते. शुक्रवारपासून आईजवळ रात्री मीच बसते.

त्या मावशींवर माझा राग आहे का? आहे, पण सगळा नाही. विचारल्यावर त्यांनी आपली परिस्थिती लपवली नाही. त्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ त्यांनी हडपसरला ड्युटी केली होती, आणि तिथेच त्यांना तुमच्या ऑफिसचा फोन आला, ‘तासाभरात कोथरूडला पोहोचा’. संध्याकाळी हडपसर ते कोथरूड, बसने, तासाभरात! त्या सव्वानऊला आल्या. दिवसाच्या मावशी साडेआठची बस पकडून गेल्या होत्या, त्यामुळे कोणी कोणाला काही सांगितलंच नाही. जेवल्या का विचारलं तर ‘खाल्लंय’ म्हणाल्या, खोटंच असणार. त्यांचं प्रशिक्षण चार दिवसांचं, नळीला हात पहिल्यांदाच लागलेला. तुम्ही १२ तासांचे माझ्याकडून १,१०० रुपये घेता, त्यांच्या हातात ६५० पडतात.

तुमच्या बिलावर मात्र ‘प्रशिक्षित नर्स’ छापलेलं आहे. मी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला, तर ऑफिसमधून त्यांचं आधार कार्ड व्हॉट्सअॅपवर आलं. त्यांचं नाव काय हे मी विचारलं नव्हतं.

रात्री अडीचला तुमच्या ‘२४ तास’ नंबरवर तीनदा फोन केला. कोणी उचलला नाही. सकाळी अकराला फोन आला, ‘मॅडम, दुसरी मावशी पाठवू का?’

मला हे हवं आहे: १५,००० रुपये अनामत रक्कम परत, त्या रात्रीचे पैसे परत, आणि जखम भरेपर्यंतच्या ड्रेसिंगचा खर्च. शिवाय लेखी उत्तर द्या की सलग दुसरी पाळी लावण्याचा निर्णय कोणी घेतला आणि नळीच्या रुग्णाकडे कोणाला पाठवायचं हे कोण ठरवतं. करारातलं ‘कोणत्याही दुर्घटनेस एजन्सी जबाबदार नाही’ हे कलम मी वाचलं आहे, सहीही केली आहे. तेवढ्याने तुमची सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी कशाला म्हणतात ते स्पष्ट आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणि त्या मावशींना कामावरून काढून हे प्रकरण मिटवू नका. मी त्यांच्याशी बोलून खात्री करणार आहे.

शनिवारी तुमचा माणूस फाईल न्यायला आला होता. त्याला चहा दिला, फाईल दिली नाही. झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ तक्ता माझ्याकडेच राहील.

आपली,
(सही)
कोथरूड, पुणे

सोबत: गुरुवारच्या तक्त्याची झेरॉक्स, पाच महिन्यांची बिलं, जखमेचे दोन फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी.