शब्बाथ, किप्पूर आणि बाळंतिणीचं ‘नको’

चि. बाळास,
शालोम व अनेक आशीर्वाद.

सूनबाई उद्या बाळाला घेऊन इस्रायलमधल्या अश्दोदच्या घरी येईल. बाळाचा जन्म आपल्या ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 5 तारखेचा, बुधवारचा. म्हणजे शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस, कामं वर्ज्य) चौथ्या दिवशी येतो आणि किप्पूर (कडक उपासाचा दिवस) सहाव्या. दोन्ही अडनिड्या दिवशी, म्हणून लिहिते.

शुल्हान आरूखात, आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात, बाळंतिणीचे दिवस मोजून दिलेत. पहिले तीन दिवस ती ‘नको’ म्हणाली तरी तिच्यासाठी शब्बाथ मोडायचा. चौथ्यापासून सातव्यापर्यंत तिच्या शब्दाला किंमत. ती गप्प राहिली तरी हवं ते करायचं. पण ‘मला गरज नाही’ म्हणाली की मोडता येत नाही. आपल्या मुलींना भिडेखातर ‘नको’ म्हणायची भारी खोड! म्हणून ‘करू का?’ असं विचारत बसू नकोस. किप्पूरचं उलट आहे. त्या दिवशी ‘मला खायला हवं’ असं तिने तोंडाने सांगावं लागतं. तिला हे आजच नीट समजाव. डॉक्टर आणि रब्बी (धर्मगुरू) दोघांनाही आधी विचारून ठेव. थोडं थोडं घ्यायला सांगितलं, तर एका वेळी 30 मिलीपेक्षा कमी अन्न, 40 मिलीपेक्षा कमी पेय आणि मध्ये नऊ मिनिटं. मापाचा छोटा पेला आदल्या दिवशीच खूण करून ठेव. अंगावर दूध पाजणारीला पाण्याची तहान फार लागते.

सात दिवसांनंतर तीसपर्यंत ती साधी आजारी धरतात, पण ऊब मात्र तीसही दिवस, अगदी तम्मूज महिन्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. कोकणातल्या शेक-शेगडीची आठवण होईल, पण बंद खोलीत कोळसा पेटवू नकोस. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो. तेल भरलेला विजेचा हीटर शब्बाथपूर्वी लावून ठेव.

तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, ताप 38 च्या वर गेला, डोकं असह्य दुखलं किंवा एक पोटरी सुजून दुखली, तर दिवस मोजू नकोस. थेट 101 ला, इस्रायलच्या रुग्णवाहिकेला, फोन कर, शब्बाथ असो की किप्पूर.

खाण्यात एकच गफलत होते. पायाचं सूप आणि तुपातले डिंकाचे लाडू एका वेळी दिले जातात, आणि मांस-दूध एकत्र आल्याने कोशेर (आपले खाण्याचे नियम) मोडतं. त्यापेक्षा हळिवाचे लाडू कर, त्यांत तूप लागतच नाही. पाव वाटी हळीव एक वाटी शहाळ्याच्या पाण्यात दोन-तीन तास भिजव. दोन वाट्या ओला नारळ आणि एक वाटी गूळ मिसळून मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण कढईच्या कडा सोडू लागलं की उतरव, जायफळ घाल. हळीव कमी भिजले तर कोरडे लागतात, जास्त आटवलं तर लाडू दगड होतात. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात.

मिला (सुंता) आठव्या दिवशी, 12 तिश्रीला. पाहुण्यांचं सूनबाईवर टाकू नकोस. एलियाहू हन्नाबीचा (प्रेषित एलियाहूच्या नावाचा) मलिदा तू कर: पोहे धुऊन निथळव, नारळ, साखर, वेलची आणि सुकामेवा घाल. पाणी राहिलं तर लगदा होतो.

तेबिलाची (शुद्धिस्नानाची) तारीख मात्र आताच ठरवू नकोस. चाळीस दिवस हे जुनं माप आहे. हल्ली रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर सात स्वच्छ दिवस मोजतात. टाके असतील तर डॉक्टरांना विचारून मगच. ती घाई तुझ्याकडून होता कामा नये.

तुझी,
आई