खाऱ्या पाण्याचा टँक एका दिवसात लागतो, पण मासे जगत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवर लेख आला होता, त्यात खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचा मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की हल्ली दुकानवाले टँक, मीठ, फिल्टर, मासे असं सगळं एका दिवसात घरी लावून देतात. फोटो छानच होता, पण ते वाक्य वाचून मला राहवेना, म्हणून हे पत्र. कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

चार वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला आम्ही दोन फुटी टँक घेतला, साधारण ७० लिटरचा. दुकानदाराने पाण्यात मीठ (स्वयंपाकाचं नव्हे, समुद्री टँकसाठी मिळतं ते) कालवलं, बॅक्टेरियाची एक बाटली ओतली आणि म्हणाला, ताई, उद्या संध्याकाळी बिनधास्त मासे सोडा. आम्ही सोडले. दोन क्लाऊनफिश (पोरं ज्यांना निमो म्हणतात ते), दोन निळे डॅम्सेल आणि एक श्रिंप. चार दिवस सगळे मजेत खात होते, लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टँकपाशी. पाचव्या दिवशी सकाळी बघितलं तर एक क्लाऊनफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होता, दुसरा हीटरच्या मागे आडवा पडलेला, आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. संध्याकाळपर्यंत पाचही गेले. दुकानात फोन केला तर म्हणे मासेच कमजोर असतील, दुसरे घेऊन जा.

मासे कमजोर नव्हते, पाणी कच्चं होतं. ही एक गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती तर ते पाच जीव वाचले असते. मासे कल्ल्यातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं सडून आणखी अमोनिया होतो. समुद्रात तो कुठल्या कुठे जातो, ७० लिटरच्या पेटीत तो माशांच्याच अंगावर येतो. टँकमधल्या दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये हळूहळू जे बॅक्टेरिया वाढतात ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. पण ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतल्या बॅक्टेरियाने थोडी मदत होते पण एका रात्रीत काही होत नाही. त्यात खाऱ्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल-अल्कली आहे त्याचा आकडा) आठच्या वर असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, म्हणून ज्यांनी आयुष्यभर गोल्डफिश नीट सांभाळले त्यांचेही मासे इथे पटकन जातात.

नंतर मी टेस्ट किट आणलं. छोट्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवट झालं तर आहे. आमची नळी गडद हिरवी झाली होती. ती हातात धरून लेक म्हणाली, आई, हे आधी का नाही बघितलं? मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही मासेच आणले नाहीत. मीठ कालवलं, दगड लावले, बाजारातल्या कोळंबीचा एक कच्चा तुकडा पाण्यात सोडला, म्हणजे तो सडून अमोनिया होईल, आणि वाट बघितली. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, रिकामा टँक का ठेवलाय? अमोनिया चढला, मग उतरला, नायट्राइट चढलं, मग तेही उतरलं, दोन्ही शून्यावर आले तेव्हा सहावा आठवडा चालू होता. मग एकच मासा आणला, पुढचा तीन आठवड्यांनी, कारण एकदम चार मासे सोडले तर बॅक्टेरियाला तेवढा बोजा झेपत नाही आणि अमोनिया परत चढतो.

पाण्याबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे यात फार गफलत होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून लोक घरच्या प्युरिफायरचं पाणी घेतात, पण त्यातल्या बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळलं जातं आणि काहींमध्ये तर मुद्दाम तांबं सोडतात. आपल्याला चांगलं असलेलं तांबं श्रिंप, गोगलगाईंना मारतं. तांब्याच्या कळशीतलं पाणी तर चुकूनही नको. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) जवळजवळ शून्य असलेलं आरओचं पाणी घ्या, वेगळ्या ड्रममध्ये मीठ कालवून पंप लावून एक दिवस फिरू द्या, मासे असलेल्या टँकमध्ये थेट मीठ कधीच टाकू नका. आणि उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा फक्त पाणी उडतं, मीठ आतच राहतं, म्हणून आटलेलं भरून काढायला साधं आरओचंच पाणी घालायचं. मी पहिल्या मे महिन्यात खारं पाणी घालत बसले आणि खारटपणा ज्यावरून मोजतात तो पाण्याच्या घनतेचा आकडा १.०२५ च्या जागी १.०३० वर गेला, मासे सुस्त पडले तेव्हा लक्षात आलं.

लाईट जाणं हा आमच्या डोंबिवलीतला आणखी एक प्रश्न. गरम आणि खारट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो, पंप बंद पडला आणि बाहेर ३५ डिग्री असेल तर लहान टँकमध्ये काही तासांतच मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप फार महाग नसतो, तो घरात असलाच पाहिजे. त्याच खोलीत पेस्ट कंट्रोल किंवा डासांचा स्प्रे मारू नका, उदबत्ती-धूपही टँकपासून लांब, कारण एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो.

आणि नवीन मासा आणला की त्याला आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये चार आठवडे ठेवा, लपायला दोन पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले तरी पुरे. व्हेल्व्हेट नावाचा परजीवी रोग एका माशाबरोबर आला तर दोन-चार दिवसांत अख्खा टँक रिकामा होतो आणि पहिल्या दिवशी अंगावर काही दिसतही नाही.

मला हे एवढं पोटतिडकीने लिहावंसं वाटतं कारण खाऱ्या पाण्याचे बहुतेक मासे अजूनही समुद्रातल्या प्रवाळातूनच पकडून आणलेले असतात. गेलेला मासा म्हणजे तिथून उचललेला एक जीव. क्लाऊनफिशचं तसं नाही, त्यांची पैदास आता आपल्याकडे होते, आपल्या ऐरोलीतही त्यांची हॅचरी आहे, तेव्हा नवख्या माणसाने दुकानात विचारून पैदास केलेलाच घ्यावा. नीट सांभाळला तर हा मासा दहा वर्षांपेक्षा जास्त जगतो.

माझी आपल्याला विनंती आहे की पुढच्या पुरवणीत त्याच लेखाखाली एक लहानशी चौकट छापा, टँक लावल्यावर अमोनिया आणि नायट्राइट चढून परत शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नयेत एवढंच. आणि दुकानदारांनाही सांगणं आहे, टँक विका पण त्याच दिवशी मासे देऊ नका, सहा आठवड्यांनी गिऱ्हाईक परत येईलच, तेही खूश होऊन.

गेल्या रविवारी मी कुर्ल्याच्या मासळी बाजारात, म्हणजे शोभेच्या माशांच्या, मीठ घ्यायला गेले होते. शेजारी एक गृहस्थ मुलाला घेऊन टँक बघत होते आणि मुलाच्या हातात पिशवीत दोन क्लाऊनफिश होते. मी न राहवून सगळं सांगितलं. मुलगा रडवेला झाला, पण त्यांनी पिशवी परत केली, टँक आणि टेस्ट किट घेतलं आणि माझा नंबर लिहून घेतला. काल त्यांचा फोटो आला, नळीतलं पाणी हिरवं आहे, विचारत होते बरोबर चाललंय ना. मी कळवलं, बरोबर चाललंय, थांबा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व