‘वेलिंग्टन’ हे आडनाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

असईच्या लढाईवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. केळना आणि जुई या नद्यांमधील रणभूमीचे वर्णन त्यात मन लावून केले आहे. मात्र कंपनीच्या सेनापतीचा उल्लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘वेलिंग्टन’ असा झाला असून, ते त्याचे गावावरून आलेले घराण्याचे आडनाव असल्याचेही लेखात म्हटले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी जो लढला, त्या मेजर जनरलचे नाव आर्थर वेलस्ली होते. वेलिंग्टन ही पदवी आहे आणि ती त्याला असईनंतर सहा वर्षांनी मिळाली. गावावरून आलेले आडनाव आहे ते वेलस्ली, आणि त्याचा इतिहास इतका वळणावळणाचा आहे की तो वाचकांपुढे यावा, असे मला मनापासून वाटते.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाचे जुने कॅथीड्रलचे गाव आहे. तेथील बिशपच्या वाड्याच्या आवारात आजही जिवंत झरे उफाळतात आणि त्या झऱ्यांवरूनच गावाला नाव पडले. या वेल्सजवळ रान तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर जी वस्ती झाली, ती वेलस्ली. तेथील जमीनदार घराण्याने वस्तीचेच नाव लावले. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडतात, तसा नॉर्मन अमलानंतरच्या इंग्लंडमध्ये गावाच्या नावाआधी ‘द’ लागत असे. पुढे तो गळाला आणि नुसते गाव उरले. या घराण्याची एक शाखा मध्ययुगात आयर्लंडला गेली, मीथ परगण्यात जमिनी मिळवून स्थिरावली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या उच्चारात वेलस्लीचे ‘वेस्ली’ झाले.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. डँगन येथील जहागीरदार गॅरेट वेस्ली निपुत्रिक होता. त्याने आपली सारी स्थावर मालमत्ता रिचर्ड कॉली या नातलगाला दिली, पण मृत्युपत्रात अट घातली की त्याने वेस्ली हे आडनाव आणि घराण्याचे मानचिन्ह धारण करावे. १७२८ मध्ये कॉलीचा वेस्ली झाला. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचे आडनाव बदलते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्लंडमध्ये १९२६ पर्यंत दत्तकाचा कायदाच नव्हता. घराण्याचे नाव चालू ठेवण्याचे काम तेथे अशा मृत्युपत्रांनी केले. हा रिचर्ड कॉली म्हणजे आर्थरचा आजोबा. म्हणजे असईला लढलेला माणूस बापाच्या वंशाने कॉली होता. सॉमरसेटमधील त्या वस्तीचे नाव त्याच्याकडे इस्टेटीबरोबर चालत आले होते. आडनावात गाव दिसले की घराण्याचे मूळ त्या गावी शोधायला निघणाऱ्या अभ्यासकांनी हे उदाहरण जरूर ध्यानात ठेवावे.

१७९७ मध्ये आर्थर कलकत्त्यास उतरला तेव्हा तो सही ‘वेस्ली’ अशीच करीत होता. थोरला भाऊ रिचर्ड याने जुने, भारदस्त रूप आधीच पुन्हा स्वीकारले होते. तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, त्याच सुमारास, मे १७९८ पासून, आर्थरही ‘वेलस्ली’ अशी सही करू लागला. तैनाती फौजेचे धोरण नेटाने राबवणारा वेलस्ली तो हा थोरला. त्या काळच्या कागदपत्रांत दोघे भाऊ एकाच आडनावाने वावरतात आणि मराठी लेखनात त्यांची सर्रास गल्लत होते. धाकट्याला आधीपासूनच वेलिंग्टन म्हटल्याने ही गल्लत सुटत नाही, उलट मूळ कागद शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची वाट चुकते, कारण १८०३ च्या पत्रव्यवहारात त्याला वेलिंग्टन कोठेही सापडणार नाही.

वेलिंग्टन आले ते १८०९ मध्ये. स्पेनमधील तालाव्हेराच्या विजयाबद्दल आर्थरला सरदारकी द्यायचे ठरले. तो आघाडीवर होता आणि त्याला विचारून उत्तर मागवण्याइतका वेळ नव्हता, म्हणून पदवीचे नाव निवडण्याचे काम लंडनमध्ये भाऊ विल्यमने केले. घराण्याच्या नावाशी जुळणारे काहीतरी हवे म्हणून त्याने शोधाशोध केली आणि सॉमरसेटमध्येच, वेलस्लीपासून फार दूर नसलेले वेलिंग्टन हे गाव त्याला सापडले. आर्थरला निवड पसंत पडली आणि १६ सप्टेंबर १८०९ रोजी त्याने ‘वेलिंग्टन’ अशी पहिली सही केली. तो ड्यूक झाला १८१४ मध्ये. त्या गावाजवळच्या टेकडीवर पुढे त्याच्या नावाचा १७५ फुटी मनोरा उभा राहिला, न्यूझीलंडच्या राजधानीला आणि निलगिरीतील लष्करी छावणीला तेच नाव मिळाले. भावाने नावाच्या साधर्म्यावरून निवडलेले गाव जगभर पोचले आणि घराण्याचे मूळ गाव मात्र नकाशावर शोधावे लागते.

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात १८६५ मधील वेलिंग्टन कारंजे आहे. १८०१ आणि १८०४ मधील त्याच्या मुंबईभेटींच्या स्मरणार्थ ते बांधले गेले. त्या भेटींच्या वेळी तो वेलस्लीच होता. पण कारंजे त्याच्या मृत्यूनंतरचे असल्यामुळे त्याला पदवीचे नाव असणे योग्यच आहे. १८०३ च्या लढाईच्या वर्णनात मात्र तेच नाव घालणे कालविपर्यास ठरतो. असई आमच्या जालना जिल्ह्यात आहे. शाळांच्या सहली तेथे जातात आणि आपल्या पुरवणीतील मजकूर मुले वहीत उतरवून घेतात. तेव्हा पुढील अंकात ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, आणि लेखाचे पुस्तक होणार असल्यास त्यात ‘जनरल आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन)’ असा उल्लेख करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, भोकरदन (जि. जालना)